आधी बाकीच्यांच्या सह्या आणा

आमच्या गावच्या सामाईक विहिरीत आमचा चार आण्यांचा हिस्सा आहे. सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात तशी नोंद आहे. पणजोबांच्या काळातली ही विहीर पंचेचाळीस फूट खोल, घडीव दगडाची. चार भाऊ, आठ दिवसांची पाळी, प्रत्येकाला दोन दिवस. विहिरीवर आधी मोट होती, मग तेलाचं इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, पण पाळी बदलली नाही. भावकीत बोलणं बंद असतानासुद्धा ती मोडली नाही, असं आजी सांगायची. कुणाच्या पाळीत लाईट गेली तर ते तास पुढच्या फेरीत भरून द्यायचे, हेही ठरलेलं होतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, विहिरीपासून साठ फुटांवर आपल्या वाटणीच्या रानात बोअर घेतला. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली आणि तीनशे ऐंशी फुटांवर अडीच इंच पाणी लागलं. पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर कोरडी पडली. मग दुसऱ्या काकांनी बोअर घेतला, मग शेजारच्या भावकीने. आज आमच्या त्या एका शिवारात अकरा बोअर आहेत. सगळ्यात खोल बोअर सहाशे फुटांच्या खाली गेलाय आणि त्यालाही मार्चनंतर तासाभरात पाणी तुटतं. विहिरीत आता पिंपळ उगवलाय. सातबाऱ्यावर आमचे चार आणे मात्र शाबूत आहेत.

यात कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. तात्या माझ्या ओळखीतल्या सगळ्यात सरळ माणसांपैकी एक आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले की पाण्यावरून जो वाद पेटतो, तो ऐकताना म्हणूनच मला अस्वस्थ व्हायला होतं. एक बाजू म्हणते, ऊसवाल्यांनी हव्यासापायी राज्याचं पाणी संपवलं. दुसरी म्हणते, शहरात आंघोळीला दोनशे लिटर लागणाऱ्यांनी शेतकऱ्याला शिकवू नये. एक जण शेतकऱ्याला लोभी ठरवतो, दुसरा निष्पाप. पण वाद दोन्हीकडून माणसाच्या स्वभावाचाच चाललेला असतो, आणि म्हणून तो दरवर्षी पहिल्या पावसाबरोबर विझतो. माझं म्हणणं वेगळं आहे. जमिनीखालचं पाणी हा सामाईक साठा आहे. तो टिकवायचा तर कुणाकडून त्याग मागण्यात अर्थ नाही आणि कुणाला लोभी म्हणण्यातही नाही. वाटणीचा असा नियम लागतो, जो सगळ्यांना एकाच दिवशी लागू होतो आणि ज्यात विहीर नसलेला, जमीन नसलेला माणूससुद्धा वाटेकरी म्हणून मोजला जातो. न्याय ही हिशेब उरकल्यावर उरलेल्यातून द्यायची गोष्ट नाही. तो आधी नसेल तर हिशेब कुणी पाळतच नाही.

तात्यांना बोअर घ्यायचा हक्क कुठून मिळाला? आपल्याला वाटतं की जमीन आपली म्हणजे तिच्या खालचं पाणीही आपलं, हे जगाच्या सुरुवातीपासूनच असं आहे. प्रत्यक्षात हा नियम बराच अलीकडचा आणि परका आहे. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये एका सूतगिरणीच्या मालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. तो कोर्टात गेला आणि हरला. १८४३ साली खाणवाले ब्लंडेल यांच्या बाजूने लागलेल्या त्या निकालात न्यायाधीशांचा मुख्य आधार असा होता: वाहतं पाणी डोळ्यांना दिसतं, भूगर्भातलं दिसत नाही, ते कुठून येतं आणि कुठे जातं हे कुणालाच ठाऊक नसतं, मग त्यावरून शेजाऱ्याला जबाबदार कसं धरायचं? तेव्हाच्या ज्ञानाला धरून हे प्रामाणिकच होतं. पण तेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातून आपल्याकडे आलं: ठरावीक प्रवाहात नसलेलं, जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाचा. लँकेशायरच्या न्यायाधीशांना जे ठाऊक नव्हतं ते आज आपल्याला ठाऊक आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाणलोटवार नकाशे आहेत, निरीक्षण विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. अज्ञानावर उभा राहिलेला नियम ज्ञान आल्यावरही का चालू ठेवायचा?

आपल्या खडकाचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा, काळ्या पाषाणाचा. गंगेच्या खोऱ्यासारखे गाळाचे जाड थर आपल्या पायाखाली नाहीत. वरचा मुरुमाचा थर आणि खालच्या खडकातल्या भेगा, एवढीच आपली साठवण. एका पावसाळ्यात ती भरते आणि उपसली तर एका हंगामात रिकामी होते. सहाशे फुटांवर लागणारं पाणी हा खाली दडलेला समुद्र नसतो. बहुतेक वेळा वरच्या थरातलंच पाणी भेगांवाटे खाली ओढलं जातं, नाहीतर फार पूर्वी अडकलेला थोडा साठा एकदाच हाती लागतो. तात्यांच्या बोअरला लागलेलं अडीच इंच पाणी बरंचसं आमच्या विहिरीचंच होतं. फक्त ते आता पाळीने येत नव्हतं.

तात्यांच्या जागी उभं राहून बघा. समजा त्यांनी ठरवलं, यंदा उपसा निम्मा करायचा. त्यांच्या रानाखाली वाचलेलं पाणी त्यांच्यासाठी थांबून राहणार आहे का? ते शेजारच्या दहा बोअरमधून निघून जाईल. त्यांचं पीक वाळेल, पाणी मात्र वाचणार नाही. अशा वेळी काटकसर करणारा माणूस स्वतःच्या लेकराबाळांचं नुकसान करतो आणि कुणाचं भलंही होत नाही. त्याने ते करावं असं व्यासपीठावरून सांगणं मला क्रूर वाटतं. १९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने गाजलेल्या एका निबंधात सामाईक कुरणाचं असंच चित्र रेखाटलं. प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडत जातो आणि शेवटी कुरण उजाड होतं. त्यावर दोनच उपाय उरतात, असं तेव्हापासून जगभर धरलं गेलं: सगळं खासगी मालकीचं करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. आपल्याकडचा पाण्याचा वादही याच दोन खुंट्यांना बांधलेला आहे.

त्या खुंट्यांकडे येण्याआधी उसाची बाजू पुरती ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खरोखर मजबूत आहे. एकूण पिकांच्या तुलनेत राज्यातलं उसाचं क्षेत्र थोडं आहे, आणि सिंचनाच्या पाण्यातला अर्ध्याहून मोठा वाटा ते घेतं. हे आकडे ऊसवाल्यांवर फेकले जातात. पण उसाला केंद्राने ठरवलेला किफायतशीर दर असतो, घेणारा कारखाना ठरलेला असतो, तोडणीला टोळी येते आणि ऊस कारखान्याला घातल्यावर चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन कायद्यात आहे. ते बंधन अनेकदा मोडतं, तरी ते आहे. तुरीचं काय? २०१५ च्या शेवटी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. शेतकऱ्यांना कडधान्यं लावा म्हणून सांगितलं गेलं आणि २०१६ च्या चांगल्या पावसात मराठवाड्याने तूर लावलीही. २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजार त्याच्या बराच खाली गेला, खरेदी केंद्रांवर बारदाना संपला आणि शेतकरी ट्रॅक्टर लावून दिवसेंदिवस रांगेत बसले. कमी पाण्याचं पीक घेण्याची ती बक्षिसी होती. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने पुढच्या वर्षी उसाची लागण केली असेल तर त्याला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा?

शहराबद्दलचा आक्षेपही मला मान्य आहे. मी पुण्यात राहते. आमच्या सोसायटीत बोअर आहे आणि तो किती खोल आहे हे सोसायटीतल्या एकालाही सांगता येत नाही. खडकवासल्याच्या साखळीतलं पाणी पुण्याने जास्त उचललं की दौंड-इंदापूरच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं आवर्तन चुकतं. तेव्हा शहराने आधी स्वतःचं मोजावं, हे बरोबरच आहे.

पण हे सगळं मान्य केल्यावरही एक हिशेब उरतो. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी धरा. एकराला ते सुमारे ८० लाख लिटर होतं. खेड्यात पिण्या-वापरण्यासाठी माणशी रोज ५५ लिटर हा सरकारी निकष धरला, तर एका एकराचं हे पाणी चारशे माणसांना वर्षभर पुरेल. त्यातलं काही पाऊस देतो, ठिबक केलं तर आणखी वाचतं, हे सोडून देऊ. निम्मं धरलं तरी दोनशे माणसं. आणि ज्या शिवारात हे पाणी उपसलं जातं, त्याच गावात मार्चनंतर टँकर येतो. टँकरच्या रांगेत कोण असतं? ज्याच्याकडे बोअर आहे तो नसतो. भूमिहीन असतात, कोरडवाहू दोन एकरवाले असतात, आणि त्यांतल्याही बाया-पोरी असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. ते पोचवताना जी धावपळ झाली ती साऱ्या देशाने पाहिली. तेवढं पाणी जेमतेम अडीच गुंठे उसाला वर्षभरात लागतं. लातूरच्या आसपासच्या रानांत तेव्हा आणि त्याआधी किती गुंठे ऊस होता, हे ज्याचं त्याने आठवावं.

सरकार स्वस्ताई करून या प्रश्नातून सुटू पाहतं. २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज द्यायला सुरुवात केली. वीजबिलाने पिचलेल्या शेतकऱ्याला तो दिलासा आहे, हे खरं. पण ज्याच्याकडे पंप आहे त्यालाच वीज फुकट मिळते. ज्याच्या रानात पाणीच नाही, त्या जिराईतवाल्याला यातून काय मिळालं? त्याच्या पायाखालचं पाणी ओढून नेण्याचा शेजाऱ्याचा खर्च तेवढा कमी झाला. जलसंधारणाचंही असंच झालं. गावांनी उन्हातान्हात श्रमदान केलं, चर खणले, बंधारे बांधले, आणि पाणी वाढलं की पुढच्या वर्षी नवे बोअर पडले. बोअरचं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या खासगी शेततळ्यात भरून ठेवायचं, ही आता सर्रास दिसणारी गोष्ट आहे. जिरवलं सगळ्यांनी, आणि उन्हाळ्यात ते चारजणांच्या तळ्यात तरंगतं. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण चाळीसेक वर्षं म्हणत आलो. जिरवलेलं पाणी कुणाचं, हे विचारायला मात्र आपण बिचकतो.

आता बाजाराच्या खुंटीकडे. पाण्याला मीटर लावा, दर लावा, म्हणजे उधळपट्टी थांबेल, असं अनेक अर्थशास्त्री म्हणतात. मोजण्याबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे. जे मोजलं जात नाही त्याची वाटणी होऊच शकत नाही, आणि फुकट मिळालेलं पाणी रानात रात्रभर वाहत राहतं हे मी पाहिलंय. पण केवळ दरावर सोडलं तर पाणी कुणाकडे जाईल? ज्याची ऐपत आहे त्याच्याकडे: बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याकडे, गृहसंकुलाकडे आणि हमी दर असलेल्या उसाकडेच. ज्वारीवाली विधवा बोलीत टिकणार नाही. शिवाय खरेदी-विक्रीला आधी मालकी लागते. बांधाच्या खालून वाहणाऱ्या पाण्याची मालकी कशी आखणार? आज बोअर असलेल्यांनाच मालक ठरवलं, तर ज्याने जास्त उपसलं त्याला त्याच्या उपशाचं इनाम दिल्यासारखं होईल.

सरकारी खुंटीचं काय? कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजल अधिनियम केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१४ पासून अमलात आला. त्यात शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, किंवा त्याहून खोल विहीर घ्यायला मनाई आहे. आमच्या शिवारातले अकराही बोअर त्याहून खोल आहेत. त्यातले पाच कायदा आल्यानंतरचे. रिगची गाडी रात्रभर घरघरत होती, सगळ्या गावाने ऐकलं, तक्रार कुणी केली नाही. का करील? तक्रार करणाऱ्याचा स्वतःचाही बोअर दोनशे फुटांच्या खालीच आहे. ज्या नियमाने शेजाऱ्याचा बोअर बंद झाला तरी माझ्या वाट्याचं पाणी नक्की होत नाही, त्या नियमाची राखण मी कशासाठी करू? तलाठी आणि तहसीलदार प्रत्येक शिवारात रात्री उभे राहू शकत नाहीत. पाण्याचा कायदा शेजारी राखतो, आणि त्यात वाटा असेल तरच तो राखतो.

हे मी कल्पनेने सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात गेले. देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन त्यांनी पाणलोटाचं काम केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचावेत इतके स्पष्ट आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी मिळेल: दरडोई अर्धा एकर भिजेल एवढं, आणि पाच माणसांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस नाही, केळी नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा. वीस एकराच्या जमीनदाराला आणि दोन एकरवाल्याला, घरात माणसं सारखी असतील तर, पाणी सारखंच. वीस एकरवाल्याने हे का मानलं असेल? काहींनी मानलं नाही, ते बाहेर राहिले. पण ज्यांनी मानलं, त्यांच्यासमोरचा पर्याय वीस एकर बागाईत हा नव्हताच. एक तर वीस एकर कोरडवाहू, नाहीतर अडीच एकर खात्रीचं पाणी, एवढीच निवड होती. त्यांनी त्याग केला नाही, स्वतःचं हितच पाहिलं. फक्त ते हित शेजाऱ्याच्या हिताला बांधलेलं होतं.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत याहून कितीतरी जुनी, निदान तीनशे वर्षांची. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं, आणि बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी पडलं की कुठला फड भिजवायचा आणि कुठला सोडायचा हे सगळे मिळून ठरवत. सोडलेल्या फडात प्रत्येकाचाच तुकडा असल्यामुळे तोटाही वाटला जाई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचं धान्य शेतकऱ्यांनी द्यायचं. या व्यवस्थेत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती ही तुकड्यांची वाटणी. कुणाला दुसऱ्याची दया यावी लागत नाही. दुष्काळ सगळ्यांच्या रानात सारखा शिरतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. साळुंख्यांसारखा माणूस प्रत्येक गावाला कुठून आणायचा? हिवरे बाजारला पोपटराव पवार होते म्हणून शेतीसाठी बोअरबंदी टिकली, दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवण्याची रीत पडली. बाकीच्या गावांनी काय करायचं? शिवाय पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, आणि आसपासची गावं हिवरे बाजार झाली नाहीत, हेही खरं. चांगल्या माणसांनी सुरुवात सोपी होते यात वाद नाही. पण फडाला कुठल्या एका थोर सरपंचाने तीनशे वर्षं सांभाळलं नव्हतं. आमच्या सामाईक विहिरीची पाळीही कुणा महात्म्याने लावलेली नव्हती, एकमेकांशी न बोलणाऱ्या चार भावांनी ती पाळली.

आणि जिथे गावकी, भावकी असलं काहीच नव्हतं अशा ठिकाणचं उदाहरण द्यायचं तर ते लॉस एंजेलिसचं आहे. तिथल्या किनाऱ्यालगतच्या वेस्ट बेसिनमध्ये शहरं, तेल कंपन्या, पाणी कंपन्या सगळ्यांनी इतका उपसा केला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखाली आत घुसू लागलं. एकट्याने उपसा कमी करण्यात अर्थ नाही हे प्रत्येकाला कळत होतं, म्हणून कुणीच थांबत नव्हतं. तात्यांचीच गोष्ट, फक्त पंप मोठे. मग १९५५ मध्ये त्यांनी एक करार मांडला: सगळ्यांनी ठरलेल्या प्रमाणात उपसा घटवायचा, पण एकूण हक्कांपैकी ८० टक्के हक्कधारकांच्या सह्या झाल्यावरच करार लागू होईल, तोवर कुणावरही बंधन नाही. सही करणाऱ्याला भीती उरली नाही की आपण एकटेच थांबू आणि बाकीचे उपसत राहतील. करार लागू झाला. हे खोरं जवळून अभ्यासणाऱ्या विद्यार्थिनीने त्यावर १९६५ मध्ये पीएचडीचा प्रबंध लिहिला. तिचं नाव एलिनॉर ऑस्ट्रम. पुढे नेपाळच्या पाटांपासून स्वित्झर्लंडच्या कुरणांपर्यंतच्या व्यवस्था तपासून तिने दाखवलं की हार्डिनच्या दोन खुंट्यांखेरीज तिसरी वाट लोकांनी शतकानुशतकं चालून दाखवली आहे. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

पण ‘गाव ठरवेल’ म्हणून इथेच थांबायला मी तयार नाही. महाराष्ट्रात राहून पाण्याच्या बाबतीत गावावर डोळे झाकून विश्वास टाकणं हा अपराध आहे. महाडचं चवदार तळं नगरपालिकेचं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा गावातल्या सवर्णांनी आधी मारहाण केली, मग तळं ‘शुद्ध’ करून घेतलं आणि मग ते कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं काय होतं? तळं खासगी स्वरूपाचं आहे, त्यावर फक्त आमचा परंपरेचा हक्क आहे. हा दावा हायकोर्टात निकाली निघायला १९३७ साल उजाडलं. सामाईक म्हणवणाऱ्या पाण्याचे वाटेकरी कोण, हे ठरवण्याची ताकद ज्यांच्या हातात असते ते स्वतःला ‘गाव’ म्हणवतात. आमच्या विहिरीची पाळीसुद्धा चार भावांची होती. त्याच रानात राबणाऱ्या सालगड्याच्या घराचं नाव त्या आठ दिवसांत कधीच नव्हतं, आणि आत्याचंही नव्हतं. जुन्या पाळीची आठवण मला प्रिय आहे, पण ती जशीच्या तशी परत नको आहे. म्हणून दरडोई हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भूमिहीनाला पाण्याचा हक्क दिला की तो ते पाणी कुणाच्या रानात वाट्याने पीक करायला वापरेल, नाहीतर त्याच्या बदल्यात धान्य घेईल. मुख्य म्हणजे तो वाटेकरी झाला की रात्री रिगची गाडी आली तर तक्रार करणारा गावात एक तरी माणूस असेल.

सरकारचं काम मग उरतंच, आणि ते मोठं आहे. प्रत्येक शिवाराखाली यंदा किती पाणी आहे ते ऑक्टोबरात मोजून ग्रामसभेसमोर मांडायचं. गावाने केलेल्या वाटणीला कायद्याचा आधार द्यायचा. वाटेकऱ्यांत कुणाला वगळता येणार नाही, एवढं वरून बजावायचं. आणि ज्वारी, तूर, हरभऱ्याची खरेदी उसाइतकी भरवशाची करायची. हे शेवटचं झालं नाही तर बाकीचं सगळं दोन वर्षांत मोडेल, कारण पोट भरत नसेल तर माणसाने नियम का पाळावा?

गेल्या दिवाळीत मी हे सगळं तात्यांसमोर मांडलं. अकरा बोअरवाल्यांनी एक कागद करायचा: मोटारीचे तास ठरवायचे, उन्हाळी पीक कुणी घ्यायचं नाही, पिण्याच्या पाण्याची विहीर आधी, आणि शिवारात राबणाऱ्या सहा बिनजमिनीच्या घरांचाही वाटा धरायचा. तात्या बराच वेळ सुपारी कातरत राहिले. त्या सहा घरांच्या वाट्यावर ते अडले, तो विषय दोनदा काढला, दोनदा सोडला. मग म्हणाले, “बाई, तुझं खोटं नाही. पण मी सही करीन आणि वरचा सहाशे फुटांवाला रात्री मोटार चालू ठेवील. आधी बाकीच्यांच्या सह्या आण, मग माझी घे.”

हे त्यांनी टाळण्यासाठी म्हटलं असं माझ्यासोबत आलेल्या भावाला वाटलं. मला नाही वाटलं. मी त्याच रात्री कागदात एक ओळ वाढवली: अकरापैकी नऊ सह्या होईपर्यंत हा कागद कुणावरही बंधनकारक नाही. सध्या पाच झाल्यात. सहा घरांपैकी चार घरांच्या बायकांनी अंगठे न देता स्वतःची नावं लिहिली आहेत. सहाशे फुटांवाल्याकडे मी अजून गेलेले नाही. संक्रांतीला गावी जाईन तेव्हा आधी त्याच्याच ओट्यावर बसायचं ठरवलंय.